बालकांच्या सरकारी तपासनिसांचा धर्म आणि त्यांची योग्यता

१

कोंकणांतील जुन्या शाळांच्या आठवणींत 'दिपोटी' हा शब्द हटकून येतो. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर या लांबलचक हुद्द्याचें लोकांनीं आपल्या जिभेस सोयीचें करून घेतलेलें हें रूप होय. दिपोटी येणार अशी वर्दी आली कीं शाळेची जमीन सारवली जाई, मुलांस धुतलेले कपडे घालून येण्याची ताकीद मिळे, पंतोजींचा जीव टांगणीस लागे. आणि तपासणी आटोपून साहेब पुढील मुक्कामास निघाले म्हणजे शेरेबुकांत दोनचार ओळी मागें राहत. त्या दोनचार ओळींवर शिक्षकाचा लौकिक व शाळेचें भवितव्य बरेंच अवलंबून असे.

यास्तव मुलांच्या हिताची देखरेख करण्यासाठीं सरकारनें नेमलेला मनुष्य कोण असावा, हा प्रश्न कधींच क्षुल्लक नव्हता. तो कोणत्या धर्माचा असावा? त्याची योग्यता कोणत्या मापानें मोजावी? आणि धर्म हा त्या योग्यतेचा भाग मानावा कीं नाहीं? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा माग रत्नागिरी जिल्हा, व त्यांतही चिपळूण तालुका, समोर ठेवून काढण्याचा आमचा विचार आहे. चिपळूण निवडण्याचें कारण उघड आहे. वाशिष्ठीच्या कांठीं वसलेल्या या गांवाच्या आसमंतांत एका अंगास परशुरामक्षेत्राचा ब्राह्मणवर्ग, दुसऱ्या अंगास गोवळकोट, कालुस्तें यांसारख्या खाडीकांठच्या वस्त्यांतील कोंकणी मुसलमान, आणि सभोंवार कुणबी, मराठे, महार असा समाज शेजारीं शेजारीं नांदत आला आहे. अशा मुलखांत कोणाही एका मनुष्यास तपासनीस नेमलें, तरी तो बहुतेक मुलांच्या दृष्टीनें परकाच ठरावयाचा.

२

शाळाखातें स्थापन होण्यापूर्वींच या प्रश्नाची एक ठिणगी पडली होती, आणि तिचा संबंध याच किनाऱ्यावरील एका विद्वानाशीं येतो. बाळशास्त्री जांभेकर यांचें जन्मगांव पोंभुर्लें. तें आज, १९८१ सालीं रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें. १८३२ सालीं 'दर्पण' काढणारे, एल्फिन्स्टन विद्यालयांतील अध्यापक, पुढें शाळांचे तपासनीस आणि शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे चालक, अशा या पुरुषाच्या विद्वत्तेविषयीं कोणासही शंका घेतां आली नसती.

१८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयी असून मिशनऱ्यांच्या आश्रयास होता. प्रकरण न्यायालयांत गेलें व मुलगा वडिलांच्या हवालीं झाला. पुढें त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावर मोठें रण माजलें. बाळशास्त्र्यांनीं परत घेण्याची बाजू धरली आणि त्यापायीं सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला.

या प्रकरणांत बाळशास्त्री सरकारी अधिकारी या नात्यानें पडले नव्हते. हिंदु समाजांतील एक विचारी गृहस्थ म्हणून पडले होते. तरीहि आमच्या प्रश्नाचीं दोन टोकें येथें स्पष्ट दिसतात. मुलाविषयीं कळकळ असणारा आणि त्याच्या समाजाचे आचार जाणणारा स्वधर्मीय मनुष्य त्याच्या उपयोगीं पडतो, हें एक. पण ज्याच्या हातीं उद्यां सर्व धर्मांच्या मुलांच्या शाळा तपासण्याचें काम येणार, त्यानें एका मुलाच्या धर्माविषयींच्या वादांत पक्ष घ्यावा काय, हें दुसरें. त्या काळीं या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्यास कोणताहि नियम अस्तित्वांत नव्हता.

३

तो नियम लवकरच आला. १८५४ सालच्या जुलै महिन्यांत विलायतेहून आलेल्या वुड यांच्या खलित्यानें प्रत्येक इलाख्यांत शिक्षणखातें व योग्य तपासनिसांचा वर्ग निर्माण करण्यास सांगितलें. त्यांतच अशी स्पष्ट मर्यादा घालून दिली होती कीं, शाळेंत जीं धर्ममतें शिकविलीं जात असतील त्यांची तपासनिसानें आपल्या भेटींत मुळींच दखल घेऊं नये. मुंबई इलाख्यांत हें खातें १८५५ सालीं सुरू झालें. म्हणजे तपासनीस पदाच्या जन्माबरोबरच त्या पदाचें मौनव्रतहि जन्मास आलें: मुलाचें गणित तपासावें, वाचन तपासावें, परंतु त्याच्या देवाविषयीं विचारूं नये.

हें धोरण शाळेविषयीं होतें. तपासनीस कोणत्या समाजांतून यावा, याविषयीं कागदावर योग्यतेखेरीज दुसरें माप नव्हतें. पण व्यवहारांत योग्यता जेथें सांचली होती तेथूनच माणसें येणार हें ठरलेलें होतें. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे याचें जवळचें उदाहरण. दापोली तालुक्यांतील चिखलगांवचें हें घराणें. गंगाधरपंत रत्नागिरीस शिक्षक होते, त्यांनीं त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिलें, आणि १८६६ च्या सुमारास असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर होऊन ते पुण्यास गेले. मास्तरकीपासून स्वकर्तृत्वानें चढत गेलेल्या अशा माणसांचें श्रेय कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण ज्या घरांत अक्षरओळख पिढीजाद आहे, त्या घरांतील मुलास परीक्षेची शिडी जितकी जवळ, तितकी ती नांगर धरणाऱ्याच्या मुलास नव्हती, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं.

शिवाय त्या शिडीची पहिली पायरीहि नेहमींच न्यायाची असे असें नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे हे मुरूडहून सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास सार्वजनिक परीक्षेसाठीं गेले. तेथें, वयानें फार लहान दिसतोस, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. योग्यता मोजणाऱ्याच्या डोळ्यावर किती अवलंबून असतें याचें हें उदाहरण पुरे आहे.

४

योग्यतेच्या या एकांगी सांठ्यावर नेमकें बोट ठेवलें तें जोतीराव फुले यांनीं. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं फेब्रुवारी १८८२ मध्यें शिक्षण आयोग नेमला गेला. त्यास फुले यांनीं त्याच वर्षीं १९ ऑक्टोबर रोजीं निवेदन सादर केलें. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तोंवर शेतकरी वर्गांतून तयार करावे, कारण मुलांत मिसळणारा व त्यांच्या गरजा जाणणारा शिक्षक तेथूनच मिळेल, असें त्यांचें म्हणणें होतें. तपासणीविषयींहि त्यांनीं दोन व्यावहारिक सूचना केल्या. वर्षांतून एकदां होणारी दिपोटींची भेट निरुपयोगी आहे, ती निदान तिमाहीस व्हावी, ही एक. आणि आगाऊ वर्दी न देतां अधूनमधून शाळा पाहाव्या, ही दुसरी. शाळेची जमीन सारवून ठेवण्यास सवड मिळूं नये, हें या दुसऱ्या सूचनेंतील मर्म कोणाच्याहि ध्यानांत येईल. या सूचनांची आठवण वाचकांनीं ठेवावी. लेखाच्या अखेरीस ती पुन्हां लागणार आहे.

त्याच आयोगानें मुसलमानांच्या शिक्षणासंबंधानें ज्या शिफारसी केल्या, त्यांत मुसलमानांच्या प्राथमिक शाळा तपासण्यासाठीं मुसलमान अधिकारी पूर्वीपेक्षां अधिक प्रमाणांत नेमावे, अशी एक होती. पुढें मुंबई इलाख्यांत उर्दू शाळांसाठीं स्वतंत्र डेप्युटी इन्स्पेक्टर असण्याची वहिवाट पडली. बालकांच्या तपासनिसाचा धर्म हा नेमणुकीचा विचारणीय भाग होय, असें आपल्या प्रांतांत सरकारी पातळीवर उघडपणें मानलें गेल्याचें हें ठळक उदाहरण आहे.

या शिफारशीमागें सबळ कारण होतें. सरकारी शाळेंत गेलेला मुलगा आपल्या दीनास अंतरेल अशी भीति अनेक मुसलमान कुटुंबांत होती. ज्यास कुराणपठणाची वेळ व रमजानचे दिवस कळतात असा अधिकारी आल्यास ती भीति कमी व्हावी, हा हेतु. शिवाय उर्दूचें वाचन तपासण्यास उर्दू आली पाहिजे, हें तर साधें व्यवहाराचें बोलणें होय.

परंतु हाच नियम चिपळूणच्या खाडीकांठीं आणून पाहिला म्हणजे त्यांतील गांठ दिसते. कोंकणी मुसलमानांच्या घरांतील बोली ही या किनाऱ्याचीच, मराठी-कोंकणीच्या कुळांतील. त्यांची उर्दू ही मदरशांतून व शाळेंतून शिकलेली. गोवळकोटच्या मुलासमोर उत्तरेकडील उर्दूंत वाढलेला मुसलमान अधिकारी बसला, तर धर्म एक असूनहि त्या मुलाचें घरचें बोलणें त्यास परकें वाटणार. आणि तेथेंच वाढलेला हिंदु शिक्षक बसला, तर धर्म निराळा असूनहि मुलाच्या तोंडचा प्रत्येक शब्द त्यास कळणार. म्हणजे 'मुसलमान अधिकारी' या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या: एक धर्म, दुसरी भाषा, तिसरी पालकांचा विश्वास. यांपैकीं भाषा ही खरी योग्यता आहे, ती कोणाहि धर्माच्या मनुष्यास शिकतां येते व परीक्षेनें पारखतां येते. विश्वास हा योग्यतेचें फळ आहे, तो मिळवावा लागतो. धर्म हा या दोहोंची सोयीची खूण म्हणून वापरला गेला. सोयीची खूण कधीं कधीं खरी ठरते, परंतु खूण म्हणजे वस्तु नव्हे.

अस्पृश्यांच्या बाबतींत तर ही खूणहि उपलब्ध नव्हती. १८९० नंतरच्या दशकांत दापोलीस महार पेन्शनर शिपायांनीं आपलीं मुलें नगरपालिकेच्या शाळेंत घ्यावीं म्हणून खटपट केली. मुलांस प्रवेश मिळाला तो व्हरांड्यांत बसण्यापुरता. या मुलांचा आणि शाळेंत आंत बसणाऱ्या मुलांचा धर्म सरकारी दप्तरांत एकच लिहिलेला होता. केवळ समानधर्मी अधिकारी नेमल्यानें मुलाचें हित सांभाळलें जातें, हें म्हणणें त्या व्हरांड्यापर्यंत येऊन थांबतें.

५

शाळेकडून आतां अनाथ व निराश्रित मुलांच्या आश्रयस्थानांकडे वळूं. येथें प्रश्न अधिक नाजूक, कारण शाळेंतून मूल संध्याकाळीं घरीं येतें. आश्रमांतून येत नाहीं.

१८९० सालीं पालक व पाल्य यांविषयींचा आठवा कायदा झाला. पालक नेमतांना न्यायालयानें मुलाचें वय, लिंग व धर्म, आणि नियोजित पालकाचें शील व पात्रता यांकडे लक्ष द्यावें, असें त्याच्या सतराव्या कलमांत सांगितलें आहे. हा कायदा आजहि चालू आहे. या कलमाची मांडणी आम्हांस फार महत्त्वाची वाटते. धर्म हा शब्द मुलाच्या बाजूस आहे. शील व पात्रता हे शब्द पालकाच्या बाजूस आहेत. मुलाचा धर्म ही जपण्याची वस्तु आणि पालकाची पात्रता ही तपासण्याची वस्तु, असा विवेक कायद्यानें त्या काळींच केला होता.

तो विवेक व्यवहारांत किती कठीण होता हें तीनच वर्षांत दिसून आलें. पंडिता रमाबाई यांनीं मार्च १८८९ मध्यें मुंबईंत शारदासदन उघडलें व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या. संस्थेस अमेरिकेंतून पैसा येत होता. तरी शिक्षणांत धर्माची सक्ति असणार नाहीं, असा संस्थेचा करार होता. देखरेखीस सल्लागार म्हणून न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांसारखे पुरुष होते. तथापि विद्यार्थिनी रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतो, असा गवगवा झाला. 'केसरी'नें तो विषय लावून धरला. आणि १८९३ सालीं रानडे-भांडारकरांनीं सल्लागारपद सोडलें. अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या.

या वादांत कोण बरोबर होतें याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. आमच्या विषयापुरता त्यांतील बोध एवढाच कीं, त्या सल्लागारांहून अधिक योग्य तपासनीस त्या काळीं महाराष्ट्रांत मिळाले नसते, आणि मुलींच्या कुटुंबांच्या दृष्टीनें त्यांचा धर्महि जुळत होता. तरीहि राजीनामा देण्यापलीकडे त्यांच्या हातीं कांहीं नव्हतें. आंत जाऊन पाहण्याचा, मुलींशीं एकांतांत बोलण्याचा, व चूक आढळल्यास ती दुरुस्त करविण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नव्हता. धर्म जुळला, योग्यता होती, परंतु अधिकार नसल्यामुळें देखरेख व्यर्थ झाली. मुलींच्या वाट्यास आलें तें एका दारांतून दुसऱ्या दारांत जाणें. त्याच सदनांत शिकलेल्या देवरुखच्या गोदूबाई जोशी यांचा १८९३ च्या मार्चमध्यें कर्व्यांशीं पुनर्विवाह झाला. आणि कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रमाची संस्था काढली, ती हिंदु समाजाच्या विश्वासाच्या पायावर. शारदासदनाच्या वादाची छाया त्या दोन्ही घटनांवर आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

६

गिरण्यांतील मुलांची गोष्ट याच्या उलट होती. रत्नागिरी जिल्ह्यांतील हजारों माणसें पोटासाठीं मुंबईच्या गिरण्यांत जात, व त्यांच्यामागें मुलेंहि जात. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्यास बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाचे नऊ तास ही मर्यादा घातली. १८९१ च्या कायद्यानें हें किमान वय नऊ केलें. पहिल्या कायद्याच्या अंमलासाठीं विलायतेच्या कारखानाखात्यांतील मीड-किंग नांवाचा तपासनीस मुंबईस आणण्यांत आला होता. कोंकणांतील मुलाची भाषा त्यास येत असण्याचा संभव नव्हता. त्याचा धर्म मात्र त्याच्या कामाच्या आड येण्याचेंहि कारण नव्हतें. यंत्राचा पट्टा, हजेरीचें पुस्तक आणि मुलाचें वय यांस धर्म नसतो. जेथें तपासावयाची वस्तु मोजतां येते, तेथें तपासनिसाच्या धर्माचा प्रश्न आपोआप मागें पडतो. जेथें मुलाचें मन व संस्कार यांशीं गांठ पडते, तेथें तो पुढें येतो, असा या तुलनेवरून नियम बांधतां येईल.

१९२४ सालीं मुंबई इलाख्याचा मुलांविषयींचा कायदा झाला, आणि १९२७ सालीं मुंबईंत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. येथून पुढें अपराधी व निराश्रित मुलाकडे पाहणारा अधिकारी हा निराळें शिक्षण घेतलेला असावा, ही कल्पना रुजूं लागली.

७

२६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अंमलांत आली व या प्रश्नाचा एक भाग कायमचा मिटला. सोळाव्या अनुच्छेदानें सरकारी नोकरींत धर्माच्या कारणावरून भेद करण्यास मनाई केली. त्याच घटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें, सरकारमान्य वा सरकारी मदतीच्या शाळेंत अल्पवयी मुलास पालकाच्या संमतीवांचून धार्मिक शिक्षणास बसवितां येणार नाहीं, असेंहि सांगितलें. १८९० च्या कलमांतील विवेक येथें पूर्णत्वास गेलेला दिसतो: धर्म मुलाच्या हक्कांत गेला, अधिकाऱ्याच्या पात्रतेंतून निघाला.

१९५६ व १९६० सालच्या कायद्यांनीं अनाथगृहें व तत्सम संस्था सरकारी परवान्याखालीं व देखरेखीखालीं आणल्या. शारदासदनाच्या सल्लागारांस जो अधिकार नव्हता तो यांनीं निर्माण केला. पुढें २०१५ च्या बालन्याय कायद्यानें जिल्हावार तपासणी समित्या नेमण्याचें ठरविलें. या समित्यांनीं मुलांच्या निवासी संस्थांस तीन महिन्यांतून निदान एकदां भेट द्यावी. भेटीस जाणारे तिघांहून कमी नसावेत. त्यांत एक तरी स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, असें त्याचें चौपन्नावें कलम सांगतें. फुले यांनीं १८८२ सालीं शाळांसाठीं मागितलेली तिमाही तपासणी, निराश्रित मुलांच्या गृहांसाठीं कां होईना, एकशेंतेहतीस वर्षांनीं कायद्यांत आली.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, स्त्री असणें ही जर पात्रता मानली, तर धर्म कां मानूं नये? आमचें उत्तर असें. मुलींच्या निजावयाच्या खोलींत जाऊन त्यांचीं गाऱ्हाणीं ऐकण्याचें काम स्त्रीच नीट करूं शकते. तें कामाच्या स्वरूपांतूनच निघालेलें आहे. धर्माच्या बाबतींत अशी गरज दाखवितां येत नाहीं. मुलाचे आचार, आहार व सण जाणण्याची गरज दाखवितां येते, आणि तें ज्ञान मिळवितां येतें. तथापि पालकांच्या विश्वासाचा प्रश्न उरतोच, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यावरचा उपाय एकाच्या जागीं तिघे पाठविण्यांत आहे असें आम्हांस वाटतें. दिपोटी एकटा होता, म्हणून तो कोणाचा हें विचारणें प्राप्त झालें. समितींत निरनिराळ्या समाजांतील, परंतु प्रत्येक आपल्या विद्येनें पात्र अशीं माणसें बसलीं, तर विश्वासासाठीं पात्रतेचा बळी द्यावा लागत नाहीं.

८

तात्पर्य, या प्रांताचा अनुभव पाहतां बालकांच्या तपासनिसाठायीं तीन गोष्टी पाहाव्या: मुलाची भाषा व राहणी त्यास कळते काय, कामाची विद्या त्यास आहे काय, आणि वर्दी न देतां दार उघडविण्याचा अधिकार त्यास आहे काय. धर्म पाहावयाचा तो मुलाचा, आणि तोहि जपण्यासाठीं.

एक विनंति करून हा लेख पुरा करितों. या इतिहासाचें खरें साधन अहवालांत नसून खेडोपाडींच्या शेरेबुकांत आहे. तपासनिसानें मुलांस काय विचारलें, कोणास आंत व कोणास बाहेर बसलेलें पाहिलें, आणि पाहून काय लिहिलें किंवा लिहिलें नाहीं, हें तेथेंच सांपडावयाचें. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूण शहर पाण्याखालीं गेलें, तेव्हां कागदाचें आयुष्य किती थोडें आहे हें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. ज्यांच्या माळ्यावर वा शाळेच्या कपाटांत, मराठी असोत वा उर्दू, अशीं जुनीं शेरेबुकें असतील, त्यांनीं त्यांच्या नकला करून संशोधकांच्या हातीं द्याव्या. व्हरांड्यांत बसलेल्या मुलाविषयीं एखाद्या दिपोटीनें एक ओळ जरी लिहून ठेविली असेल, तरी ती आम्हांस पाहिजे आहे.